युवकांच्या अडथळ्याविना युवा उपक्रम कसे राबवावेत

एखाद्या सेवाभावी क्लबच्या अध्यक्षपदाची सूत्रे आपण नुकतीच स्वीकारली असतील, तर सर्वप्रथम अभिनंदन. समारंभात आपल्या गळ्यात पडलेल्या त्या पट्ट्यावर आजवरच्या अध्यक्षांची नावे धातूच्या चकत्यांवर कोरलेली आहेत, आणि त्यांच्या ओळीत शोभून दिसण्यासाठी आपल्या हाती १ जुलैपासून अवघे एक वर्ष आहे. रक्तदान आणि नेत्रतपासणी यांची शिबिरे सवयीने पार पडतात. परंतु वार्षिक अहवालात ‘युवा’ या सदराखालीही काहीतरी लिहावे लागते, आणि त्यासाठी, कितीही गैरसोयीचे असले तरी, थोडेफार युवक जमवावे लागतात.

त्यांचा क्लब काढणे मुळीच अवघड नाही. लायन्सचे लिओ क्लब १९५७ पासून आहेत. रोटरीने १९६२ मध्ये शाळकरी मुलांसाठी (आता वयोगट १२ ते १८) इंटरॅक्ट आणि १९६८ मध्ये त्याहून मोठ्यांसाठी रोटरॅक्ट सुरू केले. या योजनांमध्ये मात्र एक दोष सुरुवातीपासून राहून गेला आहे. मुलांनी आपले पदाधिकारी स्वतः निवडावेत, उपक्रमही स्वतःच ठरवावेत आणि पालक क्लबने, म्हणजे आपण, मार्गदर्शनापुरते सोबत राहावे, अशी विचित्र अपेक्षा त्यांत आहे. हा दोष आपल्याला सहज दूर करता येईल. अध्यक्ष मुलांनी निवडावा, पण तो कोणी व्हावे हे आपण आदल्या दिवशी सुचवावे. बैठकीला सर्वांना अगत्याने बोलवावे, पण अंदाजपत्रक मंजूर झाल्यानंतर. आणि युवकच मिळेनासे झाले, तरी धीर सोडू नये. रोटरॅक्टची ३० वर्षांची वयोमर्यादा २०२० मध्ये उठली असल्याने आपल्यातल्याच एखाद्या पन्नाशीच्या उत्साही सदस्याला युवक म्हणून उभे करण्याचा मार्ग नियमानेच मोकळा करून दिला आहे.

उपक्रमांमध्ये वृक्षारोपणास तोड नाही. रोप एक, झारी एक आणि झारीला लागलेले हात किमान दहा, अशी रचना असावी. पुढच्या रांगेत पदाधिकारी, मागे फलक, आणि फलकाच्या दोन्ही टोकांना मुले. फलक ताणून धरणे हा नेतृत्वविकासाचाच भाग असल्याचे त्यांना समजावून सांगावे. छायाचित्रात त्यांचे चेहरे फलकाआड गेले तरी हरकत नाही, कारण फलकावर ‘युवा’ हा शब्द ठळक अक्षरांत असतोच. रोपाला पुढे पाणी कोण घालणार, असा प्रश्न एखादा मुलगा हमखास विचारतो. त्याला सांगावे की ते रोप यंदाच्या कार्यकाळाचे आहे आणि पुढच्या अध्यक्षांच्या अधिकारात ढवळाढवळ करणे सेवाभावाला धरून होणार नाही. शिवाय पुढच्या जुलैत नव्या अध्यक्षांना तोच खड्डा तयार मिळतो, ही सोय काही लहान नव्हे.

इंटरॅक्ट क्लबने वर्षाला किमान दोन प्रकल्प करावेत, एक शाळेसाठी किंवा परिसरासाठी आणि दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठी, असा संकेत आहे. पैकी दुसरा एखाद्या परदेशी क्लबशी ध्वजांची अदलाबदल करून भागतो.

खरी कसोटी लागते ती एखादी मुलगी सभेत उभी राहून, आम्हांला व्याख्यान नको, शाळा सुटल्यावर अभ्यासाला बसता येईल अशी एक खोली हवी आहे, असे स्वच्छ शब्दांत सांगते तेव्हा. अशा वेळी नकार देणे अत्यंत असभ्यपणाचे ठरेल. तिच्या निर्भीडपणाचे टाळ्या वाजवून कौतुक करावे, विषयाच्या अभ्यासासाठी तीन माजी अध्यक्षांची समिती नेमावी आणि अहवालाची मुदत त्या मुलीचे शालेय शिक्षण संपेल तिथपर्यंत ठेवावी. दरम्यान तिच्याकडे सूत्रसंचालन सोपवावे. (प्रांतपालांची, म्हणजे आपल्या भागातील सर्व क्लबांच्या प्रमुखांची, भेट तोंडावर आली असेल, तर आधी सूत्रसंचालन सोपवावे आणि समिती मागाहून नेमावी.)

मूल्यशिक्षणाचीही हेळसांड होऊ नये. हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरची एक कंपनी सावरताना, चार प्रश्नांची जी कसोटी तयार केली, ती रोटरीने पुढे आपलीशी केली. हे सत्य आहे का, हाच तिच्यातला पहिला प्रश्न. ही कसोटी मुलांकडून तोंडपाठ म्हणून घ्यावी. अहवालातील लाभार्थ्यांच्या आकड्याला मात्र ती लावून पाहू नये. सभागृहात बसलेला प्रत्येक जण लाभार्थीच असतो, आणि ध्वनिक्षेपकवाला तर दर कार्यक्रमाला येत असल्याने वर्षाअखेरीस तो एकटाच बराच मोठा समुदाय होऊन बसतो.

एवढे सारे करूनही वर्ष सरता सरता मुलांची उपस्थिती रोडावते, याचे अनेक अध्यक्षांना मनापासून वाईट वाटते. त्यावर ‘आजची पिढी समाजकार्यापासून दूर का जाते?’ या विषयावर परिसंवाद घेणे हाच उपाय आहे. वक्ते आपल्या सदस्यांतूनच निवडावेत, म्हणजे मानधनाचा प्रश्न उद्भवत नाही. मुलांना मात्र तासभर आधी यायला सांगावे. खुर्च्या मांडायच्या असतात.