कॉखची गृहीतके लिहा (गुण ४)

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला हा प्रश्न ठरलेला. अमुक रोग अमुक जिवाणूमुळेच होतो हे सिद्ध करायला जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या या अटी. विद्यार्थिनी असताना मी तो सोडवला, आता शिक्षिका म्हणून तपासते. उत्तरं बहुतेक बरोबरच असतात. रोगाच्या प्रत्येक रुग्णात तो जिवाणू सापडावा, निरोगी शरीरात सापडू नये. तो वेगळा काढून शुद्ध स्वरूपात वाढवता यावा. निरोगी प्राण्याला टोचल्यावर तोच रोग व्हावा. आणि त्या प्राण्यातून तोच जिवाणू पुन्हा हाती लागावा. चार मुद्दे, चार गुण, पान उलटा.

मला याचं दरवर्षी वाईट वाटतं. या चार मुद्द्यांनी खुद्द कॉखला किती छळलं, हे त्या उत्तरांत कुठेच नसतं.

१८८४ साली कोलकात्यात कॉखने पटकीचा, म्हणजे कॉलराचा, जिवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. पण तो देऊन एकाही प्राण्याला पटकी होईना. म्हणजे तिसरा मुद्दा तिथेच अडला. पुढे धडधाकट माणसांच्या विष्ठेतही तोच जिवाणू मिळाला, तेव्हा पहिल्या मुद्द्याचा दुसरा अर्धा भागही गेला. तरीही पटकीचं कारण तोच जिवाणू, हे त्याचं म्हणणं खरंच होतं! मुलांना हे सांगितलं की वर्गात पहिल्यांदा शांतता पसरते.

मग मी पेटेनकोफरची गोष्ट सांगते. म्युनिकचा हा नावाजलेला आरोग्यतज्ज्ञ. नुसत्या जिवाणूने पटकी होत नाही, जमीन आणि परिस्थितीही तशी लागते, असं त्याचं मत होतं. १८९२ साली हॅम्बुर्गमध्ये पटकीने ८ हजारांहून जास्त माणसं गेली. शहर एल्ब नदीचं पाणी न गाळता पीत होतं. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं पाणी वाळूतून गाळून घ्यायचं आणि बरंचसं वाचलं. याहून बोलका पुरावा तो काय असणार? पण त्याच वर्षी ऑक्टोबरात, ७३ वर्षांच्या पेटेनकोफरने पोटातलं आम्ल मारायला आधी सोडा घेतला आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पटकीच्या जिवाणूंचं द्रावण (कल्चर) पिऊन टाकलं. काही दिवस जुलाब झाले, बस्स. आपण जिंकलो असंच त्याला वाटलं.

तो चुकला होता. पण त्याने विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता: जंतू सगळ्यांच्या पोटात जातो, मग आजारी काहीच जण का पडतात? पटकीचा संसर्ग झालेल्या बहुतेकांना लक्षणं दिसत नाहीत किंवा सौम्य दिसतात, हे आज आपल्याला माहीत आहे. त्यांच्यामार्फत जिवाणू मात्र पुढे जात राहतो. आणि याच पेटेनकोफरने म्युनिकला स्वच्छ पाणी आणि गटारं मिळावीत म्हणून आयुष्य वेचलं. चुकीच्या सिद्धान्तापायी एका शहराचं भलं झालं, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना कळू नये असं कुणी ठरवलं?

‘इतिहास’ म्हणून आपण पहिलं प्रकरण दोन तासांत उरकतो आणि लगेच प्रात्यक्षिकाला लागतो. प्रात्यक्षिकात मुलं जिवाणू वाढवायला अगारच्या, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीच्या, प्लेटवर रेघा ओढतात. आधी यासाठी जिलेटिन वापरत, पण ते ३७ अंशांना वितळायचं, काही जिवाणू तर ते खाऊन पातळ करायचे. तेव्हा अगार वापरा असं सुचवलं ते कॉखच्या एका सहकाऱ्याच्या पत्नी फॅनी हेस यांनी, स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून. कॉखने १८८२च्या क्षयाच्या निबंधात अगारचा उल्लेख केला, फॅनींचा नाही. कॉखचा सहायक पेट्री याचं नाव प्लेटला (‘पेट्री डिश’) कायमचं चिकटलं. फॅनी हेस माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हत्याच.

कुष्ठरोगाचा जिवाणू १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेन या डॉक्टरने पाहिला. तो आजही कृत्रिम माध्यमावर वाढत नाही, म्हणजे दुसरा मुद्दा त्याला लागूच पडत नाही. विषाणूंना तर वाढायला जिवंत पेशीच लागते. गृहीतकं टाकून द्या असं मी म्हणत नाही. ती कुठे अडतात हे दाखवल्याशिवाय ती शिकवली असं म्हणू नका, एवढंच म्हणते.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सहकाऱ्यांना मी यंदा एक प्रश्न पाठवला आहे: ‘एका निरोगी माणसाने पटकीचे जिवाणू प्यायले. त्याला फक्त जुलाब झाले. यावरून पटकीचे कारण तो जिवाणू नाही असे म्हणता येईल का? कारणे द्या. गुण १०.’