"रिजन ब्रेकिंग चालत नाही, फसवणूक आहे" या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर, तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून सायकलला बसवलेल्या 48 व्होल्टच्या इलेक्ट्रिक किटचं रिजन (म्हणजे ब्रेक दाबला की मोटरनेच वीज बनवून बॅटरीत परत घालणं) चालत नाही, पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईत आलं तरी बॅटरीची एक काडी वाढत नाही, मग ऑनलाइन रिजनवाला कंट्रोलर (मोटरचा करंट सांभाळणारा डबा) मागवून जोडला तरी तेच, उलट आता ब्रेक सोडून थ्रॉटल दिला की चाकातून खट्ट आवाज येतो. आणि पाचगणीच्या तुमच्या मित्राला आम्हीच बसवून दिलेल्या किटमध्ये रिजन आहे पण सकाळी घाट सुरू झाला की तेही बंद पडतं नि डिस्प्ले जातो, म्हणून सगळा फसवणुकीचा धंदा, पूर्ण पैसे परत करा. बरोबर ना? आता एकेक सांगतो, जरा लांब होईल पण बाकीच्यांच्याही उपयोगाचं आहे.

तुमची मोटर गिअरवाली आहे, बिलावर "गिअर हब मोटर" (हब म्हणजे चाकाचा मधला भाग, मोटर त्यातच बसते) असं लिहिलेलं आहे, बघून घ्या. या मोटरच्या आत छोटे गिअर असतात, बऱ्याचदा नायलॉनचे, आणि एक क्लच असतो जो एकाच दिशेला पकडतो. मोटर चाकाला ढकलू शकते पण पुढे पळणारं चाक मोटरला फिरवू शकत नाही. साध्या सायकलचं फ्रीव्हील असतं ना, उतारावर पॅडल थांबवलं तरी चाक पळतं, तेच काम हा क्लच आत करतो. मग तुम्ही घाट उतरताना मोटर आत गपचूप उभी असते, आणि जी मोटर फिरतच नाही ती करंट कुठून बनवणार? यात बॅटरीचा दोष नाही, वायरिंगचा नाही, आणि कंट्रोलर तर कितीही भारी आणा, क्लच मध्ये बसलेला आहे तोवर काही होणार नाही.

घरच्या घरी बघायचं असेल तर बॅटरी काढून ठेवा, मोटरवालं चाक उचला आणि हाताने पुढे फिरवा, मस्त मोकळं फिरेल. आता उलटं फिरवा, जड लागेल आणि गिअरची घरघर ऐकू येईल. पुढे मोकळं मागे जड म्हणजे क्लचवाली मोटर, विषय संपला.

तो खट्ट आवाज मात्र लाइटली घेऊ नका. नवीन कंट्रोलर ब्रेक दाबला की मोटरला थांबवायला बघतो, चाकाला त्याचा पत्ताच नाही, ते पळतंय आपलं. नंतर थ्रॉटल दिला की मोटर शून्यापासून उठून पळत्या चाकाला गाठते आणि क्लच झटक्यात पकडतो, तो आवाज. असं रोज झालं तर नायलॉनचे गिअर झिजणार, कधीतरी दात तुटणार. तो कंट्रोलर आधी काढा, आमचा जुना टाकून दिला नसेल तर तोच परत लावा. विकणाऱ्याने "सगळ्या हब मोटरला चालतो" असं लिहिलेलं असेल तर ते चूक आहे, हे मी इथे सगळ्यांसमोर लिहून देतोय.

आता मित्राचं. त्यांची मोटर गिअरलेस आहे, चुंबकं थेट चाकाच्या ड्रममध्ये, मध्ये क्लच नाही, म्हणून तिथे रिजन होतं. पण ते राहतात वर! रात्रभर चार्जिंग लावतात, सकाळी बॅटरी 54.6 व्होल्टला टिच्चून भरलेली, आणि घरातून निघाले की लगेच उतार. भरलेल्या बॅटरीत अजून करंट कुठे घालणार? एकतर कंट्रोलर रिजन बंद ठेवतो, नाहीतर बॅटरीतला बीएमएस (सेलची राखण करणारं सर्किट) चार्जिंगचा रस्ता तोडतो, तो तुटला की मोटरचा करंट जायला जागा उरत नाही, व्होल्टेज एकदम उडतं आणि कंट्रोलर स्वतःला वाचवायला बंद होतो, डिस्प्ले त्याच्याबरोबर जातो. त्यांना सांगा रोज 52-53 व्होल्टला चार्जर काढायचा, पूर्ण चार्ज महिन्यातून एकदोनदा, सेल बॅलन्स व्हायला म्हणजे सगळे सारखे भरायला, आणि तोही ज्या दिवशी लगेच घाट उतरायचा नाही त्या दिवशी. एवढं करून पण डिस्प्ले गेला तर सायकल घेऊन या म्हणावं, मग बीएमएस बघावा लागेल. शिवाय ब्रेक लिव्हर दाबल्यावर डिस्प्लेवर ब्रेकचं चिन्ह येतंय का तेही बघायला सांगा, लिव्हरमधलं छोटं चुंबक सरकलं तर कंट्रोलरला ब्रेक दाबल्याचं कळतच नाही. एक्सलचे नट पण तपासा, रिजनमध्ये एक्सलवर जोर उलट्या बाजूने येतो, पुढे-मागे करत नट ढिले होतात, म्हणून तर त्यांना टॉर्क आर्म (एक्सलला जागच्या जागी फिरू न देणारी पट्टी) घ्यायलाच लावलेला, तेव्हा "एक्स्ट्रा पैसे काढता" म्हणाले होते.

काडी वाढण्याबद्दल. पाचगणी ते वाई उतार धरा पावणेसहाशे मीटर. तुम्ही आणि सायकल मिळून 100 किलो, म्हणजे हिशोबाने साधारण 155 वॅटअवर (बॅटरीत किती वीज मावते ते मोजायचं माप) होतात. यातले बरेच हवा नि टायर खातात, मोटर-कंट्रोलरमध्ये गरम होऊन जातात ते वेगळे, 25 च्या स्पीडने शिस्तीत उतरलात तर बॅटरीत 40-50 आले तरी खूप. 480 वॅटअवरच्या बॅटरीत 10 टक्क्यांच्या आसपास, आणि एवढा सलग घाट आहे म्हणून. गावात सिग्नलला 25 वरून थांबलात तर एका थांब्यात सगळं मिळून पाऊण वॅटअवर सुद्धा नसतं. रिजनचा खरा फायदा ब्रेक पॅड कमी झिजतात आणि घाटात डिस्क तापत नाही, रेंज वाढते म्हणून कोणी घेत असेल तर मी तरी घेऊ नका म्हणतो. आणि स्पीड कमी झाला की रिजनचा जोर पण जातो, भरल्या बॅटरीत तर नसतोच, त्यामुळे हाताचे दोन्ही ब्रेक टाईट पाहिजेतच, यात चर्चा नाही.

पूर्ण पैसे परत होणार नाहीत, किट जे सांगून दिलं ते काम करतंय. गिअरलेस मोटर पाहिजेच असेल तर तुमचं चाक वापरलेल्या भावात जमा करून फरक घेईन, कंट्रोलर पण बदलावा लागेल. पण माझं मत विचाराल तर करू नका. गिअरलेस चाक चांगलंच जड असतं, बॅटरी संपल्यावर पॅडल मारताना ओढतं, आणि 250 वॅटमध्ये चढावर तुमची आत्ताची मोटर जास्त जोर देते, गिअरलेस हळू चढली की नुसती तापते. तुमचं वापरणं वाईत बाजार, शेत आणि महिन्यातून एखादा घाट, त्याला गिअरवालीच बरी.

सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या, जुना कंट्रोलर बरोबर आणा. परत बसवायचे पैसे घेणार नाही, चाक उघडून गिअर पण तुमच्यासमोर बघू, दात गेले असतील तर फक्त गिअरचे पैसे पडतील.