‘सर्व्हलेट आता कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जावातलं सर्व्हर-प्रोग्रॅमिंग पुस्तकातून, सर्व्हलेटपासून (ब्राउझरच्या विनंतीला सर्व्हरवर उत्तर देणारा जावा क्लास) शिका, या माझ्या सल्ल्यावर खानापूर तालुक्यातल्या एका वाचकांनी तीन आक्षेप घेतलेत. स्प्रिंग बूट या तयार फ्रेमवर्कमध्ये दहा मिनिटांत पान उभं राहतं, मग सर्व्हलेटची जाडजूड प्रकरणं कशाला? पुस्तकातलं पहिलंच उदाहरण टॉमकॅटवर (सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर) ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, देतं, म्हणजे पुस्तक जुनाट. आणि गावात नेट धड नाही, शिक्षण मराठीतून झालेलं, अशा मुलाला हा सल्ला म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं.

आधी ४०४ चं बघू, कारण बहुतेक जण तिथंच पुस्तक मिटतात. उदाहरण बरोबर आहे, पॅकेजचं नाव बदललंय. जावाची मालक कंपनी ऑरॅकलनं २०१७ मध्ये जावा ईई (सर्व्हलेट ज्यात येतात तो जावाचा सर्व्हरसाठीचा संच) एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडं द्यायचं जाहीर केलं, पण ‘जावा’ या नावाचे हक्क स्वतःकडंच ठेवले. त्यामुळं २०२० च्या जकार्ता ईई ९ (जावा ईईचंच नवं नाव) मध्ये ‘जावाएक्स डॉट सर्व्हलेट’चं ‘जकार्ता डॉट सर्व्हलेट’ झालं. टॉमकॅट ९ ला जुनं नाव कळतं, १० आणि त्यापुढच्यांना फक्त नवं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये जुनी जार फाइल (तयार क्लासचा गठ्ठा) असेल तर कंपाइल बिनतक्रार होतं. पुढं टॉमकॅट १० नव्या नावाचं ॲनोटेशन (सर्व्हलेटचा पत्ता कोडमध्येच सांगणारी खूण) शोधतो, जुन्याकडं बघतही नाही, म्हणून मॅपिंगच, म्हणजे पत्ता आणि सर्व्हलेटची जोडणीच, होत नाही. लॉगमध्ये चूक दिसत नाही आणि ब्राउझरवर ४०४. तेच मॅपिंग वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलं असतं तर ५०० (सर्व्हरमधली चूक) आला असता आणि क्लास सापडत नसल्याचं तरी कळलं असतं.

उपाय दोन. पुस्तक जसंच्या तसं चालवायचं असेल तर टॉमकॅट ९ घ्या. नाहीतर टॉमकॅट १०.१ आणि जावा ११ किंवा पुढची आवृत्ती घेऊन इम्पोर्टच्या ओळी आणि जार फाइल बदला. मी दुसरा उपायच सुचवेन, कारण स्प्रिंग बूट ३ सुद्धा नवीच नावं वापरतं. मात्र सगळीकडं एकदम ‘जावाएक्स’ शोधून ‘जकार्ता’ करू नका. ‘जावाएक्स डॉट एसक्यूएल’ आणि ‘जावाएक्स डॉट नेमिंग’ मूळ जावाचे भाग आहेत, त्यांची नावं बदललेली नाहीत. ती बदललीत की डेटाबेसचं प्रकरण कंपाइलच होणार नाही.

तरीही ४०४ गेला नाही तर क्रमानं तपासा. ८०८० पोर्टवर टॉमकॅटचं स्वतःचं पान येतं का? पत्त्यातलं ॲपचं नाव वॉर फाइलच्या (अख्ख्या ॲपचा गठ्ठा) नावाशी, लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांसकट, जुळतं का? त्याच ॲपमध्ये एक साधी एचटीएमएल फाइल ठेवा. ती उघडली आणि सर्व्हलेट उघडलं नाही, तर दोष मॅपिंगमध्ये किंवा इम्पोर्टमध्ये आहे.

आता स्प्रिंग बूट. ते जरूर शिका, पण वेगळं काही निवडलं नाही तर त्याच्या आत टॉमकॅटच चालतो आणि प्रत्येक विनंती ‘डिस्पॅचर सर्व्हलेट’ नावाच्या सर्व्हलेटमधूनच जाते. तळातली अडचण स्प्रिंग झाकतं, मिटवत नाही. पतसंस्थेच्या सभासदांचा फॉर्म घ्या. सर्व्हलेटचा ऑब्जेक्ट एकच असतो आणि अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) तोच वापरतात. वेगळं सांगितलं नाही तर टॉमकॅटची मर्यादा २०० थ्रेडची असते. फॉर्ममधलं नाव क्लासच्या फील्डमध्ये ठेवा, दहा सेकंद ‘थ्रेड डॉट स्लीप’ करा, मग तेच फील्ड छापा. एका ब्राउझरमधून ‘सविता’ पाठवा आणि ते थांबलेलं असतानाच दुसऱ्या ब्राउझरमधून ‘मलप्पा’. पहिल्या पानावरही मलप्पा येईल. (एकाच ब्राउझरचे दोन टॅब नकोत, तो कधीकधी दुसरी विनंती मागं ठेवतो.) नाव मेथडच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये घेतलं की प्रश्न सुटतो. स्प्रिंगचे कंट्रोलर आणि सर्व्हिसही, वेगळं सांगितलं नाही तर, एकच ऑब्जेक्ट असतात. म्हणजे हीच चूक तिथंही होते आणि एका सभासदाची शिल्लक दुसऱ्याला दिसते. एकट्यानं चाचणी घेताना ती कधीच सापडत नाही. पुस्तकातलं थ्रेडचं प्रकरण एवढ्यासाठीच वाचायचं.

दुसरं प्रकरण एन्कोडिंगचं, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी लिहायची त्याचं. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात एकाच यादीत मराठी आणि कन्नड नावं येतात, त्यामुळं आपल्याला त्याची गरज इतरांपेक्षा जास्त. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्हींचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. टॉमकॅट ९ वर फॉर्ममधून ‘पोस्ट’ पद्धतीनं आलेला मजकूर सांगितलं नाही तर आयएसओ-८८५९-१ समजून वाचला जातो, आणि एका चिन्हाची तीन विचित्र अक्षरं होतात. ‘सेट कॅरॅक्टर एन्कोडिंग’ पहिलं पॅरामीटर वाचण्याआधी लिहा. आधीच्या एखाद्या फिल्टरनं (सर्व्हलेटच्या आधी विनंती हाताळणारा कोड) पॅरामीटर वाचलं असेल तर नंतर लिहून उपयोग नाही. अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर दुखणं वेगळं: मजकूर बाहेर लिहिताना हरवला. उत्तराचा कंटेंट टाइप ‘गेट रायटर’च्या आधी ठरवला का, आणि डेटाबेसचा तक्ता लॅटिन-१ मध्ये तर नाही ना, ते बघा. विचित्र अक्षरं पुष्कळदा परत मिळवता येतात, साठवलेली प्रश्नचिन्हं नाहीत. चौकोन दिसले तर मजकूर ठीक आहे, फक्त मशीनवर त्या लिपीचा फॉन्ट नाही. स्प्रिंग बूट यूटीएफ-८ चा फिल्टर स्वतःच लावतं, म्हणून हे तुमच्या नजरेला पडलं नसेल.

तरी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, असं मी म्हणत नाही. जेएसपीत (सर्व्हरवर तयार होणारी एचटीएमएल पानं) जावा कोड घुसडण्याची प्रकरणं, ॲप्लेट आणि जुनं ईजेबी खुशाल सोडा. विनंतीचा प्रवास, सेशन, फिल्टर आणि जेडीबीसी (डेटाबेसशी बोलायचा भाग) सोडू नका. ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ (एसक्यूएलची ओळ आणि त्यातली मूल्यं वेगवेगळी देणं) तर अजिबात नाही: रोमन लिपीत डिसोझा (D'Souza) लिहिताना मध्ये वरचा स्वल्पविराम येतो, आणि जोडून बनवलेली एसक्यूएलची ओळ तिथंच मोडते. त्याच फटीतून कुणी मुद्दाम घातक एसक्यूएलही घुसवू शकतो.

नेटची अडचण खरी आहे. मेव्हन (लागणाऱ्या जार फाइली आणून प्रोजेक्ट बिल्ड करणारा प्रोग्रॅम) पहिल्या खेपेला बरंच काही उतरवतो. ते एकदा खानापुरात किंवा बेळगावात चांगल्या नेटवर करा, प्रोजेक्ट पूर्ण बिल्ड करा, मग होम फोल्डरमधला ‘डॉट एम२’ हा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. घरच्या मशीनवर तो त्याच जागी ठेवून, त्याच प्रोजेक्टसाठी, मेव्हन ‘वजा ओ’ (-o, म्हणजे ऑफलाइन) देऊन चालवा. तो नेट मागणार नाही. टॉमकॅटच्या झिपमध्ये त्याची माहितीपुस्तिका आणि चालणारी उदाहरणं असतातच, तीही नेटशिवाय ८०८० वर उघडतात.

इंग्रजीबद्दल इतकंच सांगतो. एररचा लांबलचक मजकूर वरून वाचत बसू नका. सर्वात शेवटचं ‘कॉज्ड बाय’ शोधा, ती ओळ वाचा, आणि तिच्याखाली तुमच्या स्वतःच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ बघा. तिथं तुमच्या फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर असतो.