सिन्नरच्या घळीबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: सिन्नरकडच्या डोंगरउतारावरची दोन मीटर रुंद घळ 30 मीटर बाजूच्या चौकटींच्या उंचीच्या नकाशात दिसतच नाही, गुराख्याला मात्र ती पाठ असते, मग घळ रोखायचं काम आखायला संगणकाचा खटाटोप कशाला?

घळ दिसत नाही, हे मान्य. इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरच्या, कार्टोसॅट उपग्रहाच्या मोफत नकाशातली एक चौकट म्हणजे 900 चौरस मीटर जमीन. पण आपण त्यात शोधतो ते घळीच्या डोक्यावरचं पाणलोट, म्हणजे जिथलं पाणी घळीत उतरतं ती जमीन. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आधी नकाशातल्या चुकांमुळे दिसणारे खोटे खड्डे भरायचे, मग प्रवाहाची दिशा काढायची, मग कुठे किती चौकटींचं पाणी जमतं ते. 100 चौकटी निघाल्या तर 9 हेक्टर. तासाला 75 मिमीची सर आणि उघड्या मुरमाड उतारासाठी अपधावाचा गुणक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा वाटा) 0.4 धरा, सेकंदाला 0.75 घनमीटर लोंढा येतो. तो सगळा घळीतल्या दगडी बांधांवर सोडायचा की वरच अडवायचा, हे इथे ठरतं. आणि ते 9 हेक्टर पुष्कळदा शेजारच्या गावाच्या शिवारात असतं. घळीत उभं राहून ते कळत नाही.

नकाशा अक्षांश-रेखांशातच ठेवला तर मात्र घोळ होतो. आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये, त्यामुळे सगळा डोंगर उभा कडा होऊन बसतो. नाशिकसाठी आधी यूटीएम झोन 43 उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत बदलून घ्या.

गुराख्याशिवाय भागत नाही ते रस्त्याच्या मोऱ्यांपाशी. नकाशाला मोरी ठाऊक नसते. प्रत्यक्षात रस्ता उतारावरचं पसरट पाणी अडवून एकाच नळ्यातून सोडतो आणि खाली नवी घळ पडते. मोऱ्या चालून, विचारून नोंदवायच्या आणि पाणलोट तिथून नव्याने काढायचं.

सलग समतल चर, म्हणजे उतारावर एकाच पातळीत खणलेले लांब चर, तर या नकाशावरून कधीच आखू नका. नकाशाच्या उंचीतली चूकच काही मीटरची असते, आणि चर फक्त 30 सेंमी खोल. 60 मीटर लांबीत 30 सेंमी उतार राहिला की सगळं पाणी एका टोकाला साचतं, भराव फुटतो आणि आपणच खणलेल्या चरातून घळ सुरू होते. चराची रेषा पाण्याच्या नळीने किंवा ए-फ्रेमनेच (पातळी दाखवणारा ‘A’ आकाराचा लाकडी सांगाडा) आखायची. दगडी बांधांचं अंतरही घळीच्या तळाचा उतार जागेवर मोजून काढा: खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीत. उतार 10 टक्के, बांध 1 मीटर उंच, तर अंतर 10 मीटर.

तुमच्या घळीच्या डोक्याची आणि वरच्या मोरीची जागा फोनवर नोंदवून पाठवा. झाडाखाली उभे राहू नका. मोकळ्यावर तीन-पाच मीटरची चूक राहिली तरी या कामाला चालते.