नऊ एक्के आणि शेवटचा शून्य

रविवारी सकाळी फडके रोडच्या कट्ट्यावर दुसरी कटिंग यायच्या आत भांडण पेटलं होतं. विषय काय, तर १११११११११ गुणिले १११११११११. नऊ एक्के गुणिले नऊ एक्के.

"१२३४५६७८९८७६५४३२१," नाना म्हणाले. "उलट वाच, सुलट वाच, तेच."

सम्याने फोनच्या ब्राउझरमध्ये गुणाकार मारला. "नाना, शेवटी ३२० येतंय."

"एककाला एक गुणिले एक. शून्य तुझ्या खिशातून आला का? विषम गुणिले विषम सम झालेलं कधी ऐकलंयस?"

"मग मशीन खोटं बोलतंय?"

शिल्पा कॉम्प्युटरच्याच धंद्यातली. "खोटं नाही रे, डबा लहान पडतो. नेहमीच्या पद्धतीत संख्येच्या अंकांना ५३ बिट, म्हणजे शून्य-एकची ५३ घरं, मिळतात. ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत प्रत्येक पूर्णांक नीट मावतो, त्यापुढे दोन-दोनच्या उड्या. नानांची संख्या विषम, म्हणून शेजारच्या सम संख्येवर ढकलली."

नानांनी तोवर वडापावचा कागद उलटा करून एक्क्यांच्या नऊ ओळी मांडल्या होत्या, प्रत्येक ओळ एक घर सरकवून. तेलाचा डाग चुकवत उभी बेरीज केली: एक, दोन, तीन, मध्ये नऊ, मग उतरण. कुठेही हातचा नाही.

"दहा एक्के घ्या की," सम्या पेटलाच होता.

मधल्या रांगेत दहा आले, हातचा आला, आणि उत्तर निघालं १२३४५६७९००९८७६५४३२१. उलट-सुलट सारखं नाही. सम्याने टाळी मागितली.

"मी नऊच म्हटलं होतं," नाना म्हणाले. "गणिती कापरेकरांनी अशा संख्यांना डेम्लो नाव दिलं. ही कल्पना सुचली ती आपल्या स्टेशनावर. डेम्लो म्हणजे डोंबिवलीच."

"६१७४ हा स्थिरांक शोधणारे कापरेकर? देवळालीचे मास्तर?"

"तेच."

"आपल्या स्टेशनावर? इथे मला चढायला जागा सुचत नाही!"

नाना हसले नाहीत. नऊ एक्क्यांच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज केली: ८१. आणि ८१ ने त्या सतरा अंकी संख्येला पूर्ण भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांनाही नाव कापरेकरांचंच, हर्षद. पडताळा शिल्पाने दिला: १२३४५६७९ गुणिले ९ म्हणजे नऊ एक्के, मग वर्गात ९ दोनदा येणारच. तिच्यासारखी माणसं गुणाकार न करता भांडण जिंकतात, हे मला जरा खुपतं.

सम्या कागदाकडे बघतच होता. "१२३४५६७९ मध्ये ८ नाही. दहा एक्क्यांच्या उत्तरातही डावीकडे ८ नाही. गेला कुठे?"

"दहाचा शून्य, हातचा एक," नानांनी बोट ठेवलं. "शेजारचा ९ दहा झाला, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याने ८ चा ९ केला."

सम्याने कागद घडी करून खिशात घातला. चटणीसकट.