‘चैत्रशुद्धी’चे सात दिवस: मेसेजमधला एकेक दावा तपासून

पाडवा जवळ आला की कुटुंबाच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हिवाळाभर शरीरात साचलेलं विष चैत्रात सात दिवसांत बाहेर काढता येतं. सात दिवस भाकरी, भात, डाळ, दूध बंद. सकाळी अनशापोटी अर्धा लिटर दुधीचा रस, दुपारी पालक-बीटाचा रस, संध्याकाळी पुन्हा दुधी. रोज रात्री एक चमचा एरंडेल. सातव्या रात्री अर्धा कप ऑलिव्ह तेलात लिंबू पिळून प्यायचं, म्हणजे पित्ताशयातले खडे पडतात. डोकं दुखलं, जीभ पांढरी झाली तर घाबरायचं नाही, ते विष निघतंय. वजन चार-पाच किलो उतरेल. आणि हे सगळं आयुर्वेदात सांगितलेलं आहे.

ऋतू बदलताना ताट बदलावं, ही यातली मूळ गोष्ट खरी आहे. म्हणूनच बाकीचं सगळं खरं वाटतं.

‘कडू दुधी जास्त औषधी’

सुरुवात इथून करायला हवी, कारण या एका वाक्यात जीव जाऊ शकतो. दुधी, काकडी, दोडका, घोसाळं या वेलींमध्ये कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं तयार होऊ शकतात. चांगल्या दुधीत ती नगण्य असतात. एखाद्या फळात मात्र ती वाढतात, आणि बाहेरून ते फळ अगदी हिरवंगार, कोवळं दिसतं. असा रस पोटात गेला की काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. पुढे उलटीतून रक्त पडू शकतं, रक्तदाब कोसळू शकतो. यावर उतारा म्हणून देता येईल असं औषध नाही. रुग्णालयात सलाइन आणि आधाराचे उपचारच करावे लागतात. भारतात असे मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला साधा आहे: रस काढण्याआधी चव बघा, कडू लागला तर फेकून द्या, दुसऱ्या रसात मिसळू नका, आणि प्यायल्यावर त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठा.

चव कशी बघायची तेही नीट सांगायला हवं. दुधीची दोन्ही टोकं कापा. देठाकडच्या भागाची नखाएवढी चकती जिभेच्या टोकावर ठेवा, चावून थुंका. मग मधल्या भागाची तशीच बघा. थोडा जरी कडूपणा जाणवला तरी अख्खा दुधी टाकायचा. ‘कडू भाग काढून बाकीची भाजी करू’ हे चालत नाही, आणि शिजवल्यानेही ही द्रव्यं जात नाहीत. काकडीचं टोक कापून घासायची आपली जुनी पद्धत आहे. फेस निघाला म्हणजे कडूपणा गेला असं धरू नका, चव बघाच. रसात धोका जास्त का, तर भाजीचा पहिला घास कडू लागला की हात आपोआप थांबतो; रस मात्र नाक दाबून, आलं-लिंबू-पुदिना घालून, ‘औषध आहे’ म्हणत एका दमात पेलाभर जातो. कारल्याशी याची तुलना करू नये. कारलं कडूच असतं आणि भाजीच्या प्रमाणात खाल्लं जातं. दुधी कडू होणं हा त्या फळातला बिघाड आहे.

‘पालक-बीटाच्या रसाने रक्त शुद्ध होतं’

100 ग्रॅम कच्च्या पालकात साधारण 600 ते 1000 मिलिग्रॅम ऑक्झलेट नावाचं द्रव्य असतं. पेलाभर रसाला दोन जुड्या सहज लागतात, म्हणजे एरवी चार जणांच्या भाजीतलं ऑक्झलेट एका पोटात, तेही रोज. ज्यांना मूतखड्याची प्रवृत्ती आहे किंवा मूत्रपिंडं आधीच कमजोर आहेत, त्यांच्यात हे ऑक्झलेट कॅल्शियमशी मिळून मूत्रपिंडात साचू शकतं.

या रसापेक्षा आपल्या घरातली ताकातली पालकाची भाजी जास्त चांगली. पालक दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात काढून ते पाणी ओतून दिलं की विरघळणारं ऑक्झलेट बरंच निघून जातं. उरलेल्यातलं पुष्कळसं ताकातलं कॅल्शियम आतड्यातच धरून ठेवतं, ते रक्तात जात नाही. सोबत मूठभर हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे असतात. चोथा तर जागच्या जागी असतोच, जो रस गाळताना आपण टाकून देतो.

बीटामुळे काही जणांना लघवी लालसर होते. ते बीटातलं रंगद्रव्य आहे, त्याला विष समजू नये.

‘डाळ आणि धान्य बंद केल्याने यकृताला विश्रांती मिळते’

यकृत असं विश्रांती घेत नाही. औषधं, दारू, प्रथिनांच्या पचनातून निघणारा अमोनिया, जुन्या रक्तपेशींतलं बिलिरुबिन, हे सगळं ते दिवसरात्र हाताळत असतं. अमोनियाचं युरिया करून ते मूत्रपिंडांकडे सोपवतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटरच लघवी म्हणून बाहेर सोडतात. नको असलेल्या अनेक द्रव्यांना यकृत ग्लुटाथायोन, ग्लायसिन, सल्फेट यांची जोड देऊन पाण्यात विरघळण्याजोगं करतं. ही जोड येते प्रथिनांतून: डाळीतून, ताकातून, अंड्यातून. म्हणजे शुद्धीसाठी डाळ बंद करणं हे शुद्धी करणाऱ्या अवयवाचाच शिधा तोडणं आहे.

शिवाय ‘विष’ म्हणजे नेमकं कुठलं द्रव्य, ते सात दिवसांआधी किती होतं आणि नंतर किती उरलं, हे मेसेज कुठेच सांगत नाही. शिशाची किंवा पाऱ्याची विषबाधा खरोखर झाली असेल तर ती रक्ततपासणीत दिसते आणि उपचार रुग्णालयात होतात.

‘डोकं दुखणं आणि पांढरी जीभ ही विष निघाल्याची खूण’

दिवसाला तीन-चार कप चहा पिणाऱ्याने तो एकदम सोडला की 12 ते 24 तासांत डोकं ठणकू लागतं, दुसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो आणि आठवडाभर रेंगाळू शकतो. ही कॅफीन तुटल्याची डोकेदुखी आहे. त्यात मीठ आणि पिष्ट कमी पडलेलं असतं. चावणं बंद झालं की लाळ कमी सुटते आणि जिभेवर थर साचतो. उपाशी शरीर चरबी जाळू लागलं की तोंडाला वास येतो. चहा कमी करायचा असेल तर दर तीन दिवसांनी एक कप कमी करा, शेवटचा सकाळचा ठेवा. डोकं दुखणार नाही, किंवा फार थोडं दुखेल.

‘चार-पाच किलो वजन उतरतं’

काटा खाली येतो हे खरं. यकृत आणि स्नायूंत साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी. धान्य बंद केलं की हे दोन्ही निघून जातं. वर एरंडेलाच्या जुलाबात पाणी गेलं, आतडं रिकामं झालं. वरणभात सुरू झाला की हे सगळं परत येतं.

‘रोज रात्री एरंडेल’

पूर्वी घरात एरंडेल कधीतरी, एखाद्या दिवशी दिलं जायचं. सलग सात रात्री ते घेतलं की पाण्यासोबत सोडियम, पोटॅशियम वाहून जातं. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशीकडे चाललेला असतो. मीठ-धान्य बंद, जुलाब चालू आणि बाहेर ऊन, यात चक्कर येऊन पडणं अगदी शक्य आहे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना हा धोका आणखी जास्त.

‘सकाळी हिरवे खडे पडलेले दिसतात’

दिसतात, आणि तिथेच माणसाचा विश्वास बसतो. 2005 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशाच एका रुग्णाच्या ‘खड्यां’ची तपासणी प्रसिद्ध झाली. ते मऊ, हिरवट, मेणासारखे गोळे 40 अंशांवर दहा मिनिटांत वितळून तेलकट हिरवा द्रव झाले. कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन, कॅल्शियम त्यांत नव्हतं. प्यायलेलं तेल आणि लिंबाचा रस यांपासून पोटातच बनलेला तो साबण होता. खडे गेले की नाही हे सोनोग्राफीतच कळतं. ज्यांना खरोखर खडे आहेत त्यांच्यात एवढं तेल एकदम गेलं की पित्ताशय जोरात आकुंचन पावतं, आणि एखादा खडा नळीत अडकून कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांत नवे खडे होण्याचं प्रमाणही वाढतं.

‘आयुर्वेदात सांगितलंय’

अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्येत सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस यांना ऋतुसंधी म्हटलं आहे. या काळात जुनं क्रमाने सोडावं, नवं क्रमाने धरावं. एकदम सोडण्या-धरण्याने रोग होतात, असं तिथे स्पष्ट सांगितलं आहे. वसंताच्या आहारात जुने जव आणि गहूही आहेत. धान्य तोडून रसावर राहा, असं तिथे नाही. पाडव्याची कडुनिंबाची चटणीही चार-दोन कोवळी पानं, ओवा, मिरी, हिंग, चिंच, गूळ, भिजवलेली डाळ अशी चमचाभरच असते. वाटीभर कडुनिंबाचा रस पिणं हा तो प्रकार नव्हे, आणि मुलांना व गर्भवतींना तो देऊच नये.

मग ते चौदा दिवस कसे घालवावेत? पहिल्या आठवड्यात फक्त तीन बदल. हिवाळ्यातले तिळगुळाचे, डिंकाचे, मेथीचे लाडू आणि तळण थांबवा. रात्रीची पोळी सोडून ज्वारीची भाकरी घ्या. दुपारच्या जेवणात काकडी किंवा कोबीची वाटीभर कोशिंबीर वाढवा. दुसऱ्या आठवड्यात रोज वाटीभर मोडाची उसळ आणि एक ग्लास पातळ ताक. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटात दिवसाला 400 ग्रॅम भाजी आणि 100 ग्रॅम फळ धरलं आहे. बहुतेक घरांत भाजी याच्या निम्मीही होत नाही, म्हणून एवढ्यानेही पोट साफ होण्यात फरक जाणवतो.

गडबड होते ती घाईने. पहिल्याच दिवशी मोठी वाटी हरभरा-चवळी खाल्ली की पोट फुगतं आणि माणूस सगळंच सोडून देतो. मुगापासून सुरू करा, अर्धी वाटी, चार दिवसांनी मटकी. कडधान्य आठ तास भिजवा, फडक्यात बांधा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, मध्ये एकदा धुवा. बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला तर टाका. मोड कच्चे न खाता वाफवून घ्या, कारण ज्या ओलसर उबेत मोड येतात तिथेच जंतूही वाढतात. चोथा वाढला की पाणीही दोन-अडीच लिटरपर्यंत वाढवा, नाहीतर बद्धकोष्ठ होईल.

सकाळी रसाऐवजी आंबील चांगली. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी ताकात रात्री कालवून ठेवा. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात ते धार धरून ओता, ढवळत सहा-सात मिनिटं शिजवा. कोमट झाल्यावर वाटीभर ताक, जिरेपूड, ठेचलेला लसूण, चवीपुरतं मीठ. ताक गरम आंबिलीत घातलं तर फाटतं, म्हणून थांबायचं.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन, रक्त पातळ करणारं वॉरफरीन, मूत्रपिंडाचा आजार यांपैकी काही असेल तर हे साधे बदलही डॉक्टरांना सांगून करा. जेवण हलकं झालं की साखर अचानक उतरू शकते, पालेभाजी एकदम वाढली की वॉरफरीनचा परिणाम कमी होतो, आणि कमजोर मूत्रपिंडांना शहाळ्यातलं पोटॅशियमही जड जातं.