ड्यूमाँट नेटवर्क का बंद पडलं? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. ड्यूमाँट हे अमेरिकेतलं सुरुवातीच्या काळातलं टीव्ही नेटवर्क, म्हणजे शहराशहरांतल्या स्टेशनांना कार्यक्रम पुरवणारी कंपनी. तिच्या अंताचं खापर मी एफसीसी या, टीव्ही स्टेशनांना परवाने देणाऱ्या अमेरिकी सरकारी आयोगावर फोडलं, ते तुम्हाला पटलेलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ड्यूमाँटचे कार्यक्रम सुमार होते, जवळ पैसा नव्हता, आणि त्याच नियमांखाली एबीसी हे दुसरं नेटवर्क तगलं, तेव्हा दोष नियमांचा नव्हे. एबीसीचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. पण त्याचं उत्तर चॅनलांच्या हिशेबातूनच निघतं, म्हणून आधी तो हिशेब.

व्हीएचएफ या टीव्हीच्या मूळ लहरीपट्ट्यात चॅनल होते फक्त १२, क्रमांक २ ते १३, प्रत्येकी ६ मेगाहर्ट्झ रुंद. लागून असलेले दोन चॅनल एका शहरात देता येत नसत, कारण एकाचा जोरदार सिग्नल दुसऱ्याच्या चित्रात घुसे. याला अपवाद दोन. चॅनल ४ संपतो ७२ मेगाहर्ट्झला आणि ५ सुरू होतो ७६ ला. तसंच ६ आणि ७ यांच्यामध्ये ८८ ते १७४ अशी मोठी दरी आहे. म्हणून एका शहरात जास्तीत जास्त सात चॅनल बसतात: २, ४, ५, ७, ९, ११, १३. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला नेमके हेच मिळाले. आता न्यूयॉर्कला हे सात दिले की दीडशे किलोमीटरवरच्या फिलाडेल्फियाला त्यातला एकही देता येत नाही. दाट वस्तीच्या ईशान्य भागात एकाच क्रमांकाच्या दोन स्टेशनांमध्ये किमान १७० मैल अंतर हवं, असं १९५२ च्या नियमात होतं. फिलाडेल्फियाच्या वाट्याला ३, ६ आणि १० आले, १२ शेजारच्या विल्मिंग्टनला गेला. बॉल्टिमोर: २, ११, १३. डेट्रॉइट: २, ४, ७. क्लीव्हलँड: ३, ५, ८. प्रत्येक ठिकाणी तीन. नेटवर्क मात्र चार: एनबीसी, सीबीएस, एबीसी आणि ड्यूमाँट.

त्याआधी, ३० सप्टेंबर १९४८ पासून एप्रिल १९५२ पर्यंत, नवे परवाने गोठवलेले होते. देशभरात १०८ स्टेशनं, आणि बहुतेक शहरांत एक किंवा दोनच. ही स्टेशनं प्राधान्याने एनबीसी नाहीतर सीबीएसकडे जात, कारण रेडिओपासूनचे संबंध होते. ड्यूमाँटला रेडिओ नेटवर्कच नव्हतं. उरलेल्या वेळेत त्यांचा कार्यक्रम लागे, तोही पुष्कळदा किनेस्कोपवरून, म्हणजे पडद्यावरचं चित्र फिल्मवर टिपून ती फिल्म पाठवायची. चित्र धूसर होई आणि कार्यक्रम काही दिवस शिळा. प्रायोजकाला हे परवडत नाही.

गोठवणूक उठताना आयोगाने यूएचएफ या आणखी वरच्या लहरीपट्ट्यातले १४ ते ८३ हे ७० चॅनल वाढवले, पण एकाच शहरात व्हीएचएफ आणि यूएचएफ मिसळून दिले. मोठ्या शहरांना आणखी व्हीएचएफ चॅनल मिळतील अशी पर्यायी आखणी ड्यूमाँटने मांडली होती, ती नाकारली गेली. शिक्षणासाठी २४२ चॅनल राखून ठेवले, तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. चूक होती ती मिसळणीत. घरातल्या संचाला यूएचएफ ट्यूनर नसे; वेगळा कन्व्हर्टर आणि वेगळी अँटेना घ्यावी लागे. यूएचएफ लहरी टेकड्या आणि इमारतींमागे लवकर क्षीण होतात, आणि सुरुवातीचे ट्रान्समीटर दुबळे होते. तीन व्हीएचएफ स्टेशनं फुकट दिसत असताना चौथ्यासाठी कोण खर्च करणार? प्रेक्षक नाहीत म्हणून जाहिरात नाही, आणि जाहिरात नाही म्हणून स्टेशन बंद. प्रत्येक संचात यूएचएफ सक्तीचं करणारा कायदा झाला १९६२ मध्ये, लागू झाला १९६४ मध्ये.

आता एबीसी. त्या काळी नेटवर्कचा पैसा मुख्यतः स्वतःच्या मालकीच्या स्टेशनांतून येई, आणि एका मालकाला मर्यादा होती पाच स्टेशनांची. एबीसीने १९४८-४९ मध्येच न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइट, सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस ही पाचही उभी केली, तीही सगळी चॅनल ७ वर. ड्यूमाँटकडे तीनच होती: न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, पिट्सबर्ग. पॅरामाउंट या चित्रपट कंपनीचे ड्यूमाँटमध्ये शेअर होते, म्हणून आयोगाने पॅरामाउंटची स्टेशनंही ड्यूमाँटच्या खात्यात धरली आणि चौथ्या-पाचव्याची वाट बंद झाली. उलट पॅरामाउंटपासून वेगळ्या झालेल्या चित्रपटगृहांच्या कंपनीला फेब्रुवारी १९५३ मध्ये याच आयोगाने एबीसीत विलीन होऊ दिलं. व्यवहार अडीच कोटी डॉलरचा. तेव्हा नियम कागदावर एक असले तरी दोघांना लागले वेगवेगळे, आणि तुम्ही म्हणता तो पैशाचा तुटवडा बऱ्याच अंशी तिथूनच आला.

ड्यूमाँटच्या स्वतःच्या चुका मी नाकारत नाही. सगळ्यात मोठी पिट्सबर्गची. तिथलं त्यांचं स्टेशन शहरातलं एकमेव व्यावसायिक व्हीएचएफ स्टेशन होतं, आणि १९५७ पर्यंत दुसरं व्यावसायिक आलंच नाही. त्या शहरात दिसायचं तर बाकीच्या नेटवर्कना ड्यूमाँटशी बोलावंच लागे. १९५४ च्या अखेरीस ते वेस्टिंगहाउस कंपनीला सुमारे ९७.५ लाख डॉलरना विकलं. रोकड आली, पण हातातला हुकमी पत्ता गेला. १९५५ मध्ये नेटवर्क गुंडाळायला लागलं, आणि ऑगस्ट १९५६ मध्ये मुष्टियुद्धाचं शेवटचं प्रक्षेपण झालं.

कार्यक्रम सुमार म्हणणं मात्र अन्यायाचं आहे. विनोदी नट जॅकी ग्लीसन ड्यूमाँटवर नावारूपाला आला. १९५२ मध्ये सीबीएसने त्याला जास्त पैसे देऊन नेलं. कॅथलिक धर्मगुरू बिशप फुल्टन शीन यांची व्याख्यानं मंगळवारी रात्री एनबीसीवरच्या विनोदवीर मिल्टन बर्लच्या कार्यक्रमासमोर लागत आणि तरीही लोक ती बघत. १९५४ ची आर्मी-मॅकार्थी सुनावणी, म्हणजे सिनेटर मॅकार्थी आणि लष्कर यांच्यातल्या वादाची सिनेटमधली चौकशी, संपूर्ण थेट दाखवली ती एबीसीने आणि ड्यूमाँटने.

चौथ्या नेटवर्कला बाजारात जागाच नव्हती, हे तुमचं शेवटचं वाक्य. ड्यूमाँटची न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनची स्टेशनं, दोन्ही चॅनल ५, पुढे मेट्रोमीडिया या कंपनीकडे गेली. ती आणि त्याच कंपनीची इतर मोठ्या शहरांतली स्टेशनं माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉकने घेतली आणि १९८६ मध्ये त्यांच्या बळावर फॉक्स हे चौथं नेटवर्क सुरू केलं. तोवर यूएचएफ प्रत्येक संचात आलं होतं, आणि केबलवर चॅनल ५ आणि चॅनल ४५ सारखेच स्वच्छ दिसत होते.